खापरखेड्याच्या क्लबातली टेप

दिवाकर गेल्याचं मला वर्गात असताना कळलं. सातवीला वाऱ्यांचे प्रकार शिकवत होतो. खारे वारे, मतलई वारे... तेवढ्यात शिपाई दारात येऊन म्हणाला, ‘‘सर, तुमचा फोन. गांधीबागेतून.’’ गांधीबागेतून मला एकाच माणसाचा फोन यायचा आणि तो कधीही कामाचा नसायचा. ‘‘वश्या, आज चना-पोहे भल्ले जमले गा, सुटून ये,’’ एवढं सांगायला हा गृहस्थ शाळेचा फोन अडवून ठेवायचा. तेव्हा ऑफिसात जाता जाता मी मनात दोन शिव्या तयारच ठेवल्या होत्या. पण पलीकडे दिवाकर नव्हता, त्याच्या शेजारचे दुकानदार होते. म्हणाले, ‘‘सर, आज आमच्या गल्लीतले सारे शटर अर्धे खाली हायेत.’’ गांधीबागेत गल्लीतला व्यापारी गेला की शटर असे अर्धे ओढून घेतात. मला हे ठाऊक होतं, तरी मी खुळ्यासारखा विचारता झालो, ‘‘काहून?’’ ते म्हणाले, ‘‘दिवाकरभाऊ गेले. गादीवरच. कापडाचं थान उलगडत होते.’’ त्या दोन शिव्या माझ्याकडे तशाच राहिल्या.

घाटावर भाषणं झाली. आपल्याकडे माणूस जळत असताना चार जण बोलतात, ती रीतच आहे. कुणी म्हणालं, सचोटीचा व्यापारी गेला. कुणी म्हणालं, गिऱ्हाईकाला कधी कमी कापड मोजलं नाही. व्यापारी मंडळाचे एक काका म्हणाले, मितभाषी होते. मितभाषी! मला वाटलं, ओरडून सांगावं, अहो बापा, हा माणूस गात होता. असा गात होता की सीताबर्डीच्या हॉलात मागच्या रांगेतले पोट्टे खुर्च्यांवर उभे राहायचे. पण कुणी मला बोलायला सांगितलं नाही. मी त्यांचा कोण? भूगोलाचा मास्तर. म्हणून आता, तीनेक आठवडे उलटल्यावर, तिथे राहून गेलेलं इथे लिहितो आहे.

आमच्या बँडचं नाव होतं ‘थर्मामीटर’. हसू नका. नागपूरच्या पोरांच्या रॉक बँडला दुसरं काय नाव असणार? एकाने संत्र्यावरून नाव सुचवलं होतं, तेव्हा दिवाकर म्हणाला, ‘‘आपण काय बर्फी विकून राहिलो काय?’’ दिवाकर गायचा आणि गिटार वाजवायचा, मी बेस गिटार, आणि ड्रमवर अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधला विन्सेंट. तिघेच. इंग्रजी गाणी तर सगळेच वाजवत होते, पण दिवाकरने हळूहळू स्वतःची करायला सुरुवात केली. तीही आपल्या बोलीत. ‘मले उन्हात उभं करून, कुठं गेली वं सावली’ असं एक होतं. तुम्ही वाचताना ते साधं वाटेल. तो ‘सावली’वर जो जाऊन थांबायचा ना... त्याचा आवाज तिथे फाटायचा आणि तरी सुरातून हलायचा नाही. त्याच्या घरात रेडिओसुद्धा बातम्यांपुरता लागायचा, तिथे हे कुठून आलं कोण जाणे.

त्याचे वडील, अण्णा, वाईट नव्हते. लोक उगाच अशा बापांना खलनायक करतात. गांधीबागेतलं लुगड्यांचं दुकान त्यांनी स्वतः उभं केलं होतं आणि दिवाकर एकुलता एक. त्यांनी एकदाच त्याला समोर बसवून सांगितलं, ‘‘दसऱ्यापर्यंत तुह्यं काय ते करून पाय. रेकॉर्ड निघाली तं जा बाप्पा मुंबईले, मी आडवा येणार नाई. नाई निघाली तं दसऱ्याले गादीवर बसाचं, आणि मग इकडं-तिकडं पाहाचं नाई.’’ दिवाकर म्हणाला, ‘‘हाव.’’ झालं, एवढाच करार. तो मोडायचा विचार दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात कधी आला नसणार, अशी ती बापलेकाची जोडी होती.

आणि रेकॉर्ड निघण्याची शक्यता खरंच होती. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस कुणाच्या तरी लग्नाला नागपूरला आला होता. त्याने आम्हाला एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ऐकलं. नंतर स्टेजमागे येऊन म्हणाला, स्टुडिओत तुम्ही मरून जाल, तुमची मजा लोकांसमोर आहे. एखादा कार्यक्रम जसाच्या तसा टेप करून आणा, लोकांच्या गलक्यासकट. ‘लाइव्ह’ रेकॉर्ड काढू. विन्सेंटच्या काकांकडे मोठा स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. ते यंत्र इतकं जड की दोघांनी उचलावं लागे, आणि अंकल त्याला लहान मुलासारखे चादरीत गुंडाळून ठेवत.

त्या उन्हाळ्यात आम्ही दौरा ठरवला. दौरा म्हणजे काय, कोळशाच्या खाणी, कागदाची गिरणी, सिमेंटचा कारखाना, असं जिथे जिथे वसाहत तिथे तिथे क्लब. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावलं की स्टेज तयार. अण्णांनीच दुकानाचा टेम्पो दिला, लुगड्यांच्या गठ्ठ्यांवर ड्रम ठेवून आम्ही फिरलो. टेप मात्र खापरखेड्याला करायची, हे दिवाकरचं डोकं. कारण एकच. बाकी सगळीकडे वीज लपंडाव खेळायची, व्होल्टेज खाली गेलं की यंत्र रडायला लागायचं. खापरखेड्याला वीजघरच शेजारी. ‘‘जिथं लाइट पैदा होते तिथं तं जाणार नाई ना?’’ तो म्हणाला. गोष्ट पटण्यासारखी होती.

वसाहतीच्या क्लबचे सेक्रेटरी वानखडे साहेब. वीजघरात इंजिनिअर, गोल चेहरा, अंगात उत्साह मावत नाही असा माणूस. आपल्या क्लबात रेकॉर्डिंग होणार म्हणून त्यांना झोप नव्हती. आम्ही यंत्र मांडलं, तारा जोडल्या आणि त्यांच्या आग्रहाने त्यांच्या क्वार्टरवर चहाला गेलो. ते मात्र आमच्याबरोबर बसले नाहीत, ‘‘तुम्ही घ्या, मी जरा हॉल पाहून येतो,’’ म्हणून निघून गेले. वहिनींनी चहाबरोबर चिवडा दिला, मग शेव दिली, मग पुन्हा चहा. हॉलात त्या वेळात काय चाललं होतं, याची आम्हाला गंधवार्ता नव्हती.

परत आलो तर हॉल खचाखच. बायका, माणसं, पोरं, शिफ्ट संपवून कपडे न बदलता आलेले लोक. आणि सगळे चिडीचूप. एप्रिलची संध्याकाळ, बाहेर अजून उजेड, भिंती तापलेल्या... आणि छताचे सगळे पंखे बंद! मला वाटलं, नेमकी इथेच वीज गेली. पण दिवे तर लखलखत होते. दिवाकरने माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले, विन्सेंटने चार ठोके दिले आणि आम्ही सुरू झालो.

पहिलं गाणं संपलं. हॉलात टाचणी पडली तरी ऐकू येईल. एक टाळी नाही. दुसरं गाणं, तेच. लोक आमच्याकडे टक लावून पाहत होते, कपाळावरून घाम ओघळतोय तरी हात हलत नाही. आजवर आम्ही आवाज, शिट्ट्या, क्वचित कागदाचे बोळेसुद्धा पाहिले होते, पण हे असलं काही पाहिलं नव्हतं. दिवाकर माइकपासून तोंड वळवून मला म्हणाला, ‘‘काहून गा असे करून राहिले हे?’’ मी म्हटलं, ‘‘वाजव तू.’’ आणि मग तो गायला. त्याला दसरा दिसत होता. ही टेप बिघडली तर दुसरी कधी, हे त्याला कळत होतं. समोरच्या त्या दगडासारख्या लोकांना हलवायचंच, या एका जिद्दीने तो गायला. ‘सावली’ला तो जिथे नेहमी थांबायचा त्याच्यापुढे गेला. मी बेस वाजवत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्या आयुष्यात मी त्याला त्याआधी तसं ऐकलं नव्हतं, आणि नंतर तर प्रश्नच उरला नाही.

शेवटचं गाणं संपलं. दिवाकर मान खाली घालून उभा. पहिल्या रांगेतून वानखडे साहेब उठले, चपला हातात घेऊन चवड्यांवर चालत स्टेजजवळ आले आणि पडद्याआड यंत्र सांभाळत बसलेल्या अंकलना खुणेने विचारलं, बंद? अंकलनी टेपचं संपलेलं टोक गरगरत होतं ते दाखवलं आणि खटका दाबला. ‘‘नक्की बंद?’’ ‘‘बंद.’’ मग वानखडे साहेब लोकांकडे वळले, दोन्ही हात वर केले... आणि छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. टाळ्या, शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट, पोरांचं किंचाळणं! माणसं स्टेजवर चढली. कुणी दिवाकरला उचललं. एक आजीबाई त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडत होत्या. पंखे सुरू झाले आणि सगळ्या हॉलाने एकदम ‘हुश्श’ केलं.

झालं होतं ते असं. वसाहतीतल्या महिला मंडळाचा कधी तरी रेडिओवर कार्यक्रम झाला होता. तिथे लाल दिवा लागला की श्वाससुद्धा घ्यायचा नाही, एक बाई खोकली तर सगळं पुन्हा करावं लागलं, हे साऱ्या वसाहतीने ऐकलेलं. रेकॉर्डिंग म्हणजे शांतता, एवढं त्यांना पक्कं माहीत. म्हणून वानखडे साहेब दिवसभर क्वार्टरोक्वार्टरी फिरून सांगत होते. खोकला असणाऱ्यांनी दाराशी बसावं. पंख्याची घरघर येते, पंखे बंद. बायकांनी काचेच्या बांगड्या वर सारून त्यावर रुमाल बांधले होते. पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या, वर ताकीद दिली, चोखायची, चावायची नाही. ही सगळी मंडळी त्या भट्टीत आमच्यासाठी घामाने निथळत, हात मांडीखाली दाबून बसली होती. वानखडे साहेबांनी दिवाकरचा हात धरून विचारलं, ‘‘आवाज नाई ना आला आमचा कुठं? एक पोट्टं शिंकलं जरासं, तेवढं घ्या सांभाळून.’’ दिवाकर हसतोय आणि रडतोय. आम्ही टेम्पोत बसून नागपूरला येईपर्यंत गात होतो. टेपवर एक टाळी नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. शपथेवर सांगतो.

ते डोक्यात आलं मुंबईत. कंपनीच्या माणसाने पहिलं गाणं ऐकताना टेबलावर बोटांनी ठेका धरला. दिवाकरने टेबलाखालून माझा गुडघा दाबला. गाणं संपलं, आणि तो माणूस वाट पाहत राहिला. दुसरं संपलं, पुन्हा तेच. शेवटी त्याने यंत्र थांबवून विचारलं, ‘‘गाना तो बढ़िया है भाई, मगर हॉल में कोई था भी?’’ आम्ही दोघं एकदम बोलायला लागलो, पंखे, रुमाल, गोळ्या... तो खूप हसला. माणूस चांगला होता. म्हणाला, काही हरकत नाही, टाळ्या आमच्याकडे टेपवर भरून ठेवलेल्या आहेत. कुठल्याशा कव्वालीच्या आहेत, जोरदार आहेत. लावून देऊ, कुणाला कळतंय!

दिवाकर म्हणाला, ‘‘नको.’’

मी त्याला बाहेर व्हरांड्यात ओढलं. म्हटलं, ‘‘अबे, डोकं ठिकाणावर आहे काय तुह्यं? तो रेकॉर्ड काढून राहिला!’’ तो शांत होता. म्हणाला, ‘‘वश्या, ते लोक माह्यासाठी गप बसले होते गा. उद्या हे रेकॉर्ड वानखडे साहेबाच्या घरी वाजंन, सारी वसाहत जमंन ऐकाले. आणि त्याच्यात टाळ्या ऐकू येतीन दुसऱ्याईच्या. काय म्हणतीन ते? का आम्ही तं वाजवल्याच नाई, मंग हे कोन होय?’’ मी म्हटलं, काही म्हणत नाहीत, खूश होतील. दसऱ्याची आठवण करून दे त्याला, अण्णांची आण घाल, सगळं करून पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता. ‘‘त्यायची जागा आहे ते. तिथं दुसरं कोणी नाई बसवत मी.’’ दुसरी टेप करून आणतो, असं सांगून आम्ही परतलो. पण महिन्याभरात विन्सेंटच्या घरच्यांचे ऑस्ट्रेलियाचे कागद आले आणि सगळं खटलं निघून गेलं, ड्रम गेले, अंकल गेले, यंत्र गेलं. जाण्यापूर्वी अंकलनी त्या टेपची एक कॅसेट तेवढी करून दिली. दसऱ्याला दिवाकरने गादीला नमस्कार केला आणि बसला.

मी चिडलो होतो. खोटं कशाला बोलू, आजही चिडतो. गांधीबागेत गेलो की त्या पांढऱ्या गादीवर बसून ‘‘ताई, हा रंग उतरणार नाई’’ म्हणणारा दिवाकर पाहून मी रस्त्याकडे तोंड करून बसायचो. लग्न झालं, शोभावहिनी आल्या, रेवा झाली, अण्णा गेले. गाण्याचा विषय तो काढायचा नाही आणि मीही काढत नव्हतो. काढला असता तर भांडण झालं असतं. एका टाळीपायी या माणसाने आपला गळा लुगड्यांत गुंडाळून ठेवला, आणि आता आतल्या आत कुढत असणार, हेच मी धरून चाललो होतो.

परवा सक्करदऱ्याला त्यांच्या घरी गेलो. तेराव्यानंतर गेलोच नव्हतो. ऊन मी म्हणत होतं. शोभावहिनी पाणी घेऊन आल्या, जरा इकडचं तिकडचं झालं. भिंतीवर त्याची गिटार होती. मला राहवलं नाही, विचारलं, ‘‘वहिनी, ती कॅसेट कधी ऐकायचा का हो तो?’’ त्या म्हणाल्या, ‘‘ऐकायचे म्हणजे काय भाऊजी? आमच्या घरी रविवार त्याच्याशिवाय झालाच नाई.’’ रेवा आतून कॅसेट घेऊन आलीसुद्धा. नऊ-दहा वर्षांची पोर, वेणी बापासारख्याच दाट केसांची. ‘‘काका, तुमी पण आहात ना याच्यात? थांबा, लावते.’’ आणि बटन दाबायच्या आधी तिने उठून पंखा बंद केला, खिडकी लावली. शोभावहिनींचा उजवा हात सवयीने डाव्या मनगटाकडे गेला आणि तिथेच थांबला. रुमाल बांधायला तिथे आता बांगड्या नव्हत्या.

दिवाकर गायला लागला. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. गाणं संपलं की रेवा बोट उचलून मला कुजबुजत सांगायची, ‘‘आता ऐका... ही खुर्ची करकरली. इथं कोणीतरी खोकला दाबला. ही गोळी दातावर वाजली, ऐकली? बाबा म्हणायचे, ही खाकी चड्डीतल्या पोट्ट्याची.’’ मला काहीच ऐकू आलं नाही आधी. मग आलं. मग सगळंच यायला लागलं... शंभर माणसांचा रोखून धरलेला श्वास. खोलीत घामाच्या धारा लागल्या होत्या, त्यामुळे माझ्या तोंडावरून काय ओघळतंय ते त्या पोरीला कळलं नसेल अशी मी आशा करतो. कुढत नव्हता तो. रविवारच्या रविवारी त्या लोकांना भेटत होता. आणि मी मास्तर असून मला हे एक पोरगी शिकवत होती.

‘सावली’ झालं, शेवटचं गाणं झालं. रेवाने खटका दाबून कॅसेट थांबवली. मग आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. ‘‘बंद. आता वाजवा.’’ मला समजेना. ती म्हणाली, ‘‘बाबा म्हणायचे, याच्यातल्या टाळ्या बाहेर राहून गेल्या, त्या आपण वाजवाच्या. वाजवा ना काका!’’ आणि तिने सुरुवात केली. वहिनींनी वाजवल्या. मीही वाजवल्या, भीत भीत, मग जोरात. समोरच्या घरातल्या बाई दारात येऊन पाहायला लागल्या. तीन आठवडे झाले नाहीत मयताला आणि या घरात टाळ्या! पाहू दे.

किती वेळ वाजवत होतो कोण जाणे. तळवे लाल झाले. मी रेवाकडे पाहिलं, ती आईकडे पाहत होती, आई दाराकडे. मग हात न थांबवता वहिनीच म्हणाल्या, ‘‘भाऊजी, दर वेळी रेवाचे बाबाच उठून म्हणायचे, बस गा, बस...’’

तेव्हा थांबायचं कुणी, ते आम्हाला तिघांनाही कळेना.